पॅरालिम्पिक निराळं, स्पेशल ऑलिम्पिक निराळं: बर्फावरच्या दोन स्पर्धांची गोष्ट

मागच्या थंडीत आमच्या गावच्या चौकात, एसटी थांब्याला लागून एक फ्लेक्स लागला होता. वर सरपंच-उपसरपंचांचे फोटो, मधोमध माझी विद्यार्थिनी आणि खाली पिवळ्या ठळक अक्षरांत ‘हिवाळी पॅरालिम्पिक शिबिरासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. पोरगी अठरा वर्षांची, डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक दिव्यांग. शाळेत येता-जाता थांबायची आणि स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून मैत्रिणींना दाखवायची. आमच्या विशेष शाळेतल्या मुलीचं नाव गावानं चौकात लावलं, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहत होते. डोळे भरून आले. पण तिची निवड झाली होती स्पेशल ऑलिम्पिकच्या शिबिरासाठी.

चूक फ्लेक्सपुरती राहिली असती तर मी लिहायला बसले नसते. तिचे वडील कपाशीचा वेचा सोडून एका कार्यालयात तीन चकरा मारून आले. तिथं पॅरालिम्पिकच्या यादीत नाव शोधलं गेलं, ते सापडणार कुठून? ‘तुमच्या मुलीची निवडच झालेली नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. “मॅडम, पोरीचं नाव कटलं का जी?”

म्हणून हे नीट सांगते.

गोंधळ व्हायला कारणं आहेत. दोन्ही नावांत ऑलिम्पिक आहे, दोन्हीकडे दिव्यांग खेळाडू आहेत आणि गावंसुद्धा तीच. जपानमधल्या नागानोत 1998 साली हिवाळी पॅरालिम्पिक झालं आणि 2005 साली स्पेशल ऑलिम्पिकची जागतिक हिवाळी स्पर्धा. दक्षिण कोरियातल्या प्योंगचँगमध्ये क्रम उलटा: 2013 ला स्पेशल, 2018 ला पॅरालिम्पिक. इटलीतल्या तोरिनोत 2006 ला पॅरालिम्पिक, 2025 ला स्पेशल. जुनी बातमी कुणी मोबाईलवर पुढं पाठवली की कोणती कुठली, हे कळायला मार्ग नाही. एक सोपी खूण मी पालकांना सांगते. हिवाळी पॅरालिम्पिक आजवर सम वर्षीच झालं आहे, तर स्पेशल ऑलिम्पिकच्या ज्या जागतिक हिवाळी स्पर्धा प्रत्यक्ष पार पडल्या त्या सगळ्या विषम वर्षी.

पण खरा फरक कळतो तो दोघांचा जन्म कुठं झाला ते पाहिल्यावर.

पॅरालिम्पिकचं मूळ युद्धातल्या जखमी सैनिकांत आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढं 1960 ला रोममध्ये त्याचं पहिलं पॅरालिम्पिक झालं. आपल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 ला हायडेलबर्गमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं ते याच परंपरेत. तेही 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान.

बर्फाकडची वाटही सैनिकांनीच काढली. दुसऱ्या महायुद्धात हातबाँबनं दोन्ही पाय गमावलेला ऑस्ट्रियाचा सेप झ्विकनागेल कृत्रिम पायांवर पुन्हा स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) बांधून बर्फावरून घसरणं, शिकला. एक पाय गमावलेल्या फ्रान्झ वेंडेल नावाच्या जर्मन माणसानं कुबड्यांच्या टोकाला आखूड स्की बांधल्या. एका पायाखाली मोठी स्की आणि दोन हातांत दोन छोट्या, अशा तीन रेघा बर्फावर उमटू लागल्या. आजही एका पायाचे खेळाडू तसेच उतरतात. पहिलं हिवाळी पॅरालिम्पिक 1976 ला स्वीडनमधल्या अर्नशोल्ड्सविक गावी झालं. सोळा देश, दोनशेच्या आत खेळाडू, सगळे एकतर हात-पाय गमावलेले किंवा दृष्टिबाधित. तेव्हा ते हिवाळी ऑलिम्पिकच्या गावी होत नसे. अगदी 1988 लाही ऑलिम्पिक कॅनडातल्या कॅलगरीला आणि पॅरालिम्पिक ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. 1992 पासून दोन्ही एकाच यजमानाकडे होऊ लागली. पॅरालिम्पिकमधल्या ‘पॅरा’चा आज घेतला जाणारा अर्थही हाच आहे, ऑलिम्पिकच्या बरोबरीनं, शेजारून चालणारं.

स्पेशल ऑलिम्पिक जन्मलं ते एका घराच्या अंगणात. अमेरिकेच्या केनेडी कुटुंबात रोझमेरी नावाची मुलगी बौद्धिक दिव्यांग होती. तिची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिनं 1962 ला मेरीलँडमधल्या आपल्या घरीच अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. या मुलांना खेळता येत नाही, त्यांना इजा होईल, असं डॉक्टरही म्हणत त्या काळातली ही गोष्ट. जुलै 1968 मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पर्धा झाली, सुमारे हजार खेळाडूंची. पहिली हिवाळी स्पर्धा 1977 ला कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जमध्ये. ऑलिम्पिक हे नाव वापरायची रीतसर मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं दिली ती 1988 ला.

एकाचा पाया शरीराच्या इजेवर, दुसऱ्याचा बुद्धीच्या दिव्यांगत्वावर. नियम इथूनच फुटतात.

पॅरालिम्पिकमध्ये आधी दिव्यांगत्व मोजतात. तज्ज्ञ तपासतात: कोणता स्नायू किती काम करतो, धड तोलता येतं का, किती दिसतं. त्यावरून वर्ग ठरतो. बर्फावरच्या शर्यतींत तीन मोठे गट आहेत: उभ्यानं, बसून आणि दृष्टिबाधित. एकाच गटात निरनिराळ्या वर्गांचे खेळाडू असतात, म्हणून घड्याळाच्या वेळेला टक्केवारीनं गुणतात. समजा तुमचा गुणक 86 टक्के आहे आणि तुम्ही उतार 100 सेकंदांत पार केलात, तर तुमची वेळ धरली जाते 86 सेकंद. एवढं समान केल्यावर मग शर्यत अगदी निर्दय. जो सगळ्यात वेगवान, तोच पहिला. तिथं पोचायला देशातली निवड, जागतिक स्पर्धा, ठरलेली पात्रता असं सगळं पार करावं लागतं.

दृष्टिबाधितांची शर्यत पाहण्यासारखी. पुढं डोळस वाटाड्या, मागं खेळाडू, आणि मधला धागा फक्त आवाजाचा. कॅनडाचा ब्रायन मॅककीव्हर हा लांब पल्ल्याचा स्कीपटू. तरुणपणी त्याच्या नजरेचा मधला भाग गेला. त्याचा सख्खा मोठा भाऊ रॉबिन 1998 ला नागानोत ऑलिम्पिक खेळलेला, तो कितीतरी वर्षं त्याचा वाटाड्या होऊन पुढं धावला. ब्रायननं हिवाळी पॅरालिम्पिकची सोळा सुवर्णपदकं मिळवली. वाटाड्यालाही पदक मिळतं, हे मला फार आवडतं. बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळात, तर दृष्टिबाधित खेळाडू कानानं नेम धरतात. बंदूक निशाणाच्या मध्याजवळ आली की कानातला स्वर चढतो, आणि तो सगळ्यात वर गेला की चाप ओढायचा.

स्पेशल ऑलिम्पिकमध्ये मोजतात ते कौशल्य. मुख्य स्पर्धेआधी प्रत्येकाला एकदा पळवतात, वेळ नोंदवतात आणि वय, मुलगा-मुलगी व वेग पाहून सारख्यांचे छोटे गट पाडतात. एका गटात तीन ते आठ जण. गटातल्या सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू खेळाडूत साधारण पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर नको, असा संकेत. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजतं. अ गटाची जोडी आणि गावातली जोडी तिथं एकमेकांविरुद्ध काढत नाहीत. पहिल्या तिघांना पदकं आणि चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांना मंचावर बोलावून रिबीन. हळू धावणाऱ्यांच्या गटातलं सुवर्णही तेवढंच सुवर्ण.

वडिलांना हे समजावलं तर त्यांना लगेच युक्ती सुचली. पोरीला म्हणाले, “पयल्या डावाले दमानं पळजो, मंग फायनलले हान!” मी तिथंच थांबवलं. चाचणीत दिलेल्या वेळेपेक्षा अंतिम फेरीत कुणी पंधरा टक्क्यांहून जास्त वेगानं आला, तर पूर्ण जोर न लावल्याबद्दल तो बाद होऊ शकतो. तिला कुणी असं शिकवू नये, एवढंच माझं मागणं होतं. ती पळते ती नेहमी जीव तोडून. दुसऱ्या तऱ्हेनं पळणं तिला माहीतच नाही.

आता एक प्रश्न उरतो, तो मला एका शिक्षकानंच विचारला. बौद्धिक दिव्यांग मुलं पॅरालिम्पिकमध्ये का नाहीत? होती. नागानोला 1998 मध्ये त्यांच्यासाठीही स्कीइंगच्या शर्यती होत्या. मग 2000 ला सिडनीत बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलमध्ये सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या संघातले बारापैकी दहा खेळाडू दिव्यांग नव्हतेच, असं उघड झालं. पदक परत घेतलं गेलं आणि हा सगळा गटच थांबवला गेला. उन्हाळी पॅरालिम्पिकमध्ये तो 2012 ला लंडनला, थोड्याच खेळांपुरता, परतला. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये 2022 च्या बीजिंगपर्यंत परतला नव्हता. खोटं बोलले दहा जण आणि दार बंद झालं हजारो खऱ्या खेळाडूंचं. याचा राग मला अजून येतो.

आणि बर्फ? यवतमाळच्या बाजूला तो आणायचा कुठून, हा प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला. स्पेशल ऑलिम्पिकच्या हिवाळी खेळांत फ्लोअरबॉल आहे. छिद्रांचा हलका प्लास्टिकचा चेंडू, प्लास्टिकची स्टिक आणि हॉलची फरशी, बर्फाचा कणही लागत नाही. दुसरा खेळ स्नोशूइंग. बुटाखाली रुंद चौकट बांधतात, म्हणजे वजन पसरतं आणि पाय बर्फात रुतत नाही. मृगात काळ्या वावरातून चालताना पाय घोट्यापर्यंत रुततो, ते आठवा म्हणजे त्या चौकटीचा उपयोग कळेल. उष्ण देशांत याचा सराव वाळूवर नाहीतर गवतावर करतात. आमची पोरगी नदीच्या कोरड्या पात्रात पळते. पहिल्या दिवशी चौकटी बांधल्या तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर पडून ती तोंडावर आपटली, नाकात वाळू गेली. उठली, पाय फाकवून उभी राहिली आणि स्वतःच ओळखलं की नेहमीपेक्षा रुंद पाऊल टाकायचं. मी काही सांगितलं नव्हतं. मार्च 2025 ला तोरिनोत भारताच्या खेळाडूंनी 33 पदकं आणली, त्यांच्या खेळांत स्नोशूइंग होतंच.

पालकांनो, कागदांचं एवढं लक्षात ठेवा. भारतात दोन्ही संघटना वेगळ्या आहेत: एक भारतीय पॅरालिम्पिक समिती, दुसरी स्पेशल ऑलिम्पिक भारत. जिल्हा रुग्णालयातून मिळालेलं चाळीस टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र सरकारी सवलतींसाठी आहे. त्यावरून पॅरालिम्पिकचा वर्ग ठरत नाही, तो खेळाच्या तज्ज्ञांकडून वेगळा ठरतो. स्पेशल ऑलिम्पिकला बौद्धिक दिव्यांगत्व असावं लागतं आणि स्पर्धेत उतरायला वयाची आठ वर्षं पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. मूल डाऊन सिंड्रोमचं असेल तर मानेच्या मणक्यांच्या दृष्टीनं डॉक्टरांची तपासणी आधी करून घ्या, ती टाळू नका. कर्णबधिरांची स्पर्धा आणखी तिसरीच, डेफलिम्पिक. तिची हिवाळी स्पर्धा 1949 ला ऑस्ट्रियातल्या झीफेल्डला सुरू झाली, म्हणजे या दोघींच्याही आधी.

वडिलांना मी एका कागदावर संघटनेचं नाव आणि शिबिराचं नाव ठळक अक्षरांत लिहून दिलं. चौथ्या चकरेत त्यांनी तोच कागद टेबलावर ठेवला आणि काम झालं. आता तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलाय. ते मला हे सांगत होते तेव्हा पोरगी दारात चौकटी हातात घेऊन उभी होती आणि बापाच्या शर्टाची बाही ओढत होती, ऊन चढायच्या आत नदीवर जायचं होतं.