पाळीचं ॲप: पिन वेगळा, साठवण वेगळी

आई पाळीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नोंदवायची. नोंद म्हणजे काय, तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेलं बारीकसं टिंब. दुधाच्या खाड्यांच्या खुणांत ते खपून जायचं. घरात कुणालाही दिसेल, पण उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

माझ्या भाचीच्या फोनात ॲप आहे. "मावशी, पिन टाकलाय गं, कुणी बघू शकत नाही." खरंय, पण हा 'कुणी' कोण? पिन अडवतो फोन हातात घेणाऱ्याला: रूममेट, भाऊ, नवरा, सासू. कंपनीला काय दिसतं, हे माहिती कुठे साठते त्यावर ठरतं. दोन्हींना आपण सरसकट 'सेफ' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पिनवालं ॲप आईच्या टिंबाच्या बरोबर उलटं असू शकतं: घरात कुणाला पत्ता नाही आणि परक्यांना सगळं ठाऊक.

'फ्लो'चं प्रकरण बघा. कोट्यवधी बायका वापरतात ते हे ॲप. आरोग्याची माहिती खाजगी ठेवू, असं ते सांगत होतं. पण ॲपमध्ये फेसबुक, गुगल वगैरेंचे कोडचे तयार तुकडे बसवलेले होते, त्यांना एसडीके म्हणतात. बाईनं गरोदरपणाचा आठवडा निवडला, की 'गरोदरपणाचा आठवडा निवडला' अशाच अर्थाच्या नावाची नोंद तिकडे पोचायची. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी, फ्लोला तडजोड करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं याच माहितीवरून मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, जबाबदार धरलं. हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या बंगळुरूचं 'माया' ॲप उघडल्या उघडल्या, गोपनीयतेच्या धोरणाला होकार द्यायच्या आधीच, फेसबुकला खबर देत होतं, असं प्रायव्हसी इंटरनॅशनल या खाजगीपणासाठी लढणाऱ्या संस्थेनं २०१९ मध्ये दाखवलं. मायानं नंतर तो तुकडा काढला. यातलं काहीही पिननं थांबलं नसतं.

दुसऱ्या बाजूला 'ड्रिप'सारखी ॲप्स. बर्लिनमधल्या मंडळींनी केलेलं, कोड सगळ्यांसाठी खुला, खातं नाही, तारखा फोनातच. याची किंमतही आहे: फोन लोकलमध्ये गेला की नोंदी गेल्या. बॅकअपची फाइल काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवली, तर फोनातच ठेवण्यात अर्थ उरला नाही. आणि पिन नसेल तर फोन उचलणाऱ्याला सगळं उघडं. 'युकी' हे अमेरिकेतलं ॲप दोन्ही सांभाळतं. माहिती फोनात, वर पिन, आणि कुणी जबरदस्तीनं उघडायला लावलंच तर ०००० टाकायचं, भलताच पडदा दिसतो. ही युक्ती ज्या कुणाला सुचली, तिला घरं माहीत असणार.

आयफोनच्या हेल्थ ॲपचं थोडं निराळं. टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल तर आयक्लाउडवरच्या, म्हणजे ॲपलच्या सर्व्हरवरच्या, प्रतीची किल्ली ॲपलकडे नसते. म्हणजे सर्व्हरवर असूनही बंद.

मग निवडायचं कसं? वसतिगृहातल्या किंवा सामायिक फोन वापरणाऱ्या मुलीनं आधी पिन बघावा. मूल हवंय, पाळी चुकलीय, गोळ्या चालू आहेत, अशा नोंदी करणारीनं आधी साठवण बघावी, कारण जाहिरातवाल्यांना त्याच हव्या असतात. प्ले स्टोअरवरचा 'डेटा सेफ्टी' हा भाग वाचावा, पण तो कंपनीनं स्वतःच भरलेला असतो हे लक्षात ठेवून. ॲप नुसतं अनइन्स्टॉल केल्यानं सर्व्हरवरचं खातं मिटत नाही, ते आतून मिटवावं लागतं.

भाचीला एवढंच म्हटलं, तेच ॲप घरातल्या जुन्या फोनवर टाकून बघ. तिनं टाकलं, ईमेल आणि पासवर्ड दिला. अकरावीपासूनच्या सगळ्या तारखा एकामागोमाग खाली उतरल्या. पिन कुणी विचारलाच नाही.