प्रज्ञावान मुले व प्रौढ यांची मानसशास्त्रीय तपासणी: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मुलाची बुद्धिमापन चाचणी करून घ्यावी असे ठरवलेल्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘अर्ज कुठे करायचा’ हा असतो. या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, कारण अर्ज कुठे करायचा हे चाचणी कशासाठी हवी आहे यावर ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना प्रोत्साहन देण्याविषयी लिहिले आहे. मात्र ‘प्रज्ञावान’ (गिफ्टेड, म्हणजे असामान्य बुद्धिमत्तेचा) असा कायदेशीर प्रवर्ग आपल्याकडे नाही आणि बुद्ध्यंक जास्त आला म्हणून आपोआप लागू होणारी सवलत किंवा आरक्षणही नाही. त्यामुळे कोणी ‘गिफ्टेड असल्याचे सरकारी प्रमाणपत्र’ मिळवून देतो म्हणत असेल, तर तेथेच थांबावे. तपासणीतून मिळतो तो अहवाल, आणि त्याचे मोल तो कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार केला यावर असते.

शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता हा विषय असतो, एनएमएमएस या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेतही मानसिक क्षमतेची प्रश्नपत्रिका असते आणि त्यांत चांगले गुण मिळाले की मुलाची बुद्धिमत्ता मोजली गेली असा अनेक घरांत समज होतो. या परीक्षा सरावाने सुधारतात आणि त्या निवडीसाठीच घेतल्या जातात. मानसशास्त्रीय चाचणीत मात्र मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांच्या प्रमाणित नमुन्याशी होते, तज्ज्ञ समोर बसून ती घेतो आणि मूल उत्तरापर्यंत कसे पोहोचले याचीही नोंद करतो. म्हणूनच या चाचणीची तयारी करून घेऊ नये. इंटरनेटवर मिळणारे प्रश्न मुलाकडून सोडवून घेतले, तर निकाल फुगतो आणि पुढचा सगळा सल्ला चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

कोणाची तपासणी होऊ शकते

वैयक्तिक तपासणीसाठी गुणांची किंवा शाळेच्या शिफारशीची अट नसते. अट असते ती वयाची, आणि ती चाचणीगणिक बदलते. मराठी माध्यमातील मुलांसाठी आजही पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी तीन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंत चालते. डॉ. वि. वि. कामत यांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी हे रूपांतर केले. मॅलिन यांनी नागपुरात तयार केलेली भारतीय मुलांसाठीची श्रेणी सहा ते पंधरा वर्षे वयोगटासाठी आहे आणि तिचे शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. वेक्सलर यांच्या बालश्रेणीच्या चौथ्या आवृत्तीचे भारतीय रूपांतर सहा वर्षे पूर्ण ते सोळा वर्षे अकरा महिने या वयासाठी आहे. सोळाच्या पुढे प्रौढांची वेक्सलर श्रेणी लागू होते. रेव्हन यांच्या आकृतिमालिका भाषाविरहित असल्यामुळे मराठी, हिंदी, इंग्रजी अशा मिश्र वातावरणात वाढलेल्या मुलांसाठी पूरक म्हणून उपयोगी पडतात. मात्र एकट्या त्यांच्या आधारे पूर्ण निष्कर्ष काढू नये.

चाचणी जुनी असेल, तर तिच्या मानकांवर (तुलनेसाठी ठरवलेल्या गुणांवर) बुद्ध्यंक जास्त दिसण्याची शक्यता असते, कारण पिढ्यांगणिक चाचण्यांतील सरासरी गुण वाढत गेले आहेत. शिवाय बिने-कामत चाचणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात, तर वेक्सलर श्रेणीत समवयस्कांच्या सरासरीपासूनचे अंतर मोजतात. दोन्ही ठिकाणी ‘140’ लिहिलेले असले, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो. अर्ज करतानाच ‘कोणती चाचणी आणि कोणती आवृत्ती वापरणार’ हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे आणि चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.

सहा वर्षांच्या आतील मुलाची चाचणी केवळ कुतूहलापोटी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात मूल त्या दिवशी झोपेत आहे की भुकेले, अनोळखी व्यक्तीशी बोलते की नाही, यांवर निकाल हलतो. शाळेत मूल सतत कंटाळत असेल, एकाच विषयात वयाच्या फार पुढे असेल किंवा हुशार असूनही लिहिण्यात अडत असेल, तर थांबू नये.

तज्ज्ञ कसा निवडावा

भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यान्वये नोंदणी झालेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाणे सर्वांत सुरक्षित. नोंदणी क्रमांक मागावा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहावा आणि अहवालावर सहीखाली तो छापलेला असेल याची खात्री करावी. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या तपासण्यांना कोणताही शास्त्रीय आधार नाही, त्यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

पुण्यात या विषयाची जुनी परंपरा आहे. डॉ. वि. वि. पेंडसे यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने 1969 मध्ये बुद्धिमान मुलामुलींसाठी प्रशाला सुरू केली. संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित चाचण्या विकसित केल्या असून त्यांत बुद्धीच्या निरनिराळ्या क्षमता वेगवेगळ्या मोजल्या जातात. अशा संस्थांची निवडप्रक्रिया आणि वैयक्तिक तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवडप्रक्रियेचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो आणि तिचा निकाल त्या प्रवेशापुरता असतो.

प्रौढांपैकी अनेकांना मेन्साचे नाव माहीत असते. 1946 मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या या संस्थेची सदस्यत्वाची अट एकच आहे: मान्य चाचणीत लोकसंख्येच्या वरच्या दोन टक्क्यांत येणे. परीक्षेसाठी मेन्सा इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करता येते. मात्र ही चाळणी आहे. आपली स्मरणशक्ती कशी आहे, वेग कुठे कमी पडतो, नोकरीत लक्ष का लागत नाही, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी प्रौढालाही वैयक्तिक तपासणीच घ्यावी लागते, आणि चाळिशीनंतर ती करून घेण्यात काहीही वावगे नाही.

कोणती कागदपत्रे न्यावीत

मुलाचा जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा आहे. वेक्सलर बालश्रेणीत वय वर्षे, महिने आणि दिवस यांत काढतात आणि मानके चार-चार महिन्यांच्या वयोगटांची असतात, त्यामुळे तारखेत चूक झाली तर मूल चुकीच्या गटाशी तोलले जाते. शाळेच्या दाखल्यावर सोयीने 1 जून ही जन्मतारीख टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे होती. ज्या घरांत अशी कागदोपत्री तारीख असेल, तेथे खरी तारीख तज्ज्ञाला तोंडी तरी सांगावीच.

याशिवाय मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, यापूर्वी झालेल्या तपासणीचे अहवाल, डोळे व कान तपासल्याचे कागद आणि चालू औषधांची यादी न्यावी. मुलाच्या दोन-तीन वह्या जरूर न्याव्यात, कारण गणिताच्या वहीत उत्तर बरोबर पण पायऱ्या गायब आणि मराठीच्या वहीत चार ओळींनंतर अक्षर कोसळलेले, असे दिसले की तज्ज्ञाला कुठे पाहायचे ते कळते. वर्गशिक्षकांचे अर्ध्या पानाचे निरीक्षण मिळाले तर उत्तम. प्रौढांनी ओळखपत्र, शैक्षणिक कागदपत्रे आणि तपासणीचा हेतू सांगणारी चार ओळींची नोंद द्यावी. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची लेखी संमती घेतली जाते. मुलालाही कशासाठी जात आहोत हे खरे खरे सांगावे. ‘कोडी सोडवायला जाऊ’ एवढे सांगणे पुरेसे आहे, ‘तू किती हुशार आहेस ते बघू’ असे म्हणू नये.

प्रत्यक्ष तपासणी

पहिल्या भेटीत पालकांची मुलाखत होते: जन्म, वाढ, भाषा, झोप, मित्र, शाळा. चाचणी दुसऱ्या भेटीत, शक्यतो सकाळी, पालकांशिवाय घेतात आणि तिला साधारण दीड ते दोन तास लागतात. मुलासमोर लाल-पांढरे ठोकळे ठेवून चित्रातली नक्षी जुळवायला सांगतात आणि घड्याळ चालू असते. ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायचे असतात. दोन गोष्टींत साम्य काय ते सांगायचे असते. प्रश्न कठीण होत जातात आणि ठरावीक संख्येने सलग चुका झाल्या की तो भाग थांबतो. म्हणजे प्रत्येक मूल कुठे तरी अडणारच, हे बाहेर बसलेल्या आईवडिलांनी आधीच समजून घ्यावे.

वेक्सलर बालश्रेणीत शब्दसामर्थ्य, आकृतिविचार, कार्यस्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणे) आणि प्रक्रियेचा वेग अशा चार निर्देशांकांतून एकूण बुद्ध्यंक काढला जातो. सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) 15 असते, म्हणून 130 च्या वर साधारण दोन टक्के लोक येतात. प्रज्ञावान मुलांबाबत सर्वाधिक अन्याय याच टप्प्यावर होतो. पहिले दोन निर्देशांक 140 च्या घरात आणि वेगाचा निर्देशांक 100 असेल, तर एकूण आकडा खाली ओढला जातो आणि ‘मूल प्रज्ञावान नाही’ असा शेरा पडतो. अशा वेळी केवळ पहिल्या दोन निर्देशांकांवरून सर्वसाधारण क्षमता निर्देशांक काढता येतो. तो काढला आहे का, हे पालकांनी आवर्जून विचारावे.

अहवालात आकड्यासोबत विश्वासमर्यादाही लिहिलेली असावी. 128 हा आकडा मिळाला, तर खरी पातळी साधारण 122 ते 132 या पट्ट्यात आहे असे समजायचे. 130 ची रेषा दोन गुणांनी हुकली म्हणून मुलाला वेगळ्या वागणुकीचा अधिकार उरत नाही, असे मुळीच नाही.

हुशारी आणि अध्ययन अक्षमता एकत्र असतील तर

ही मुले सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात, कारण हुशारीमुळे अडचण झाकली जाते आणि अडचणीमुळे हुशारी. वाचनलेखनाची अक्षमता दिसली, तर त्यासाठी स्वतंत्र चाचण्या लागतात आणि परीक्षेतील सवलतींसाठी खासगी अहवाल चालत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तिच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा विभाग अनेक वर्षे चालतो. दहावीच्या वर्षाची वाट न पाहता सातवी-आठवीतच अर्ज करावा, कारण भेटींच्या तारखा लांबणीवर पडतात. बुद्ध्यंक चांगला आहे म्हणून अक्षमतेचा अर्ज करू नये, असा सल्ला शाळेतून कधी कधी मिळतो. तो चुकीचा आहे.

अहवाल हाती आल्यावर

अहवाल टपालाने किंवा ईमेलने घेऊन थांबू नये, समजावून सांगणारी बैठक शुल्कात समाविष्ट आहे का ते आधीच विचारावे. शाळेला संपूर्ण अहवाल देण्याचे बंधन नाही. शिफारशींचे एक पान वेगळे मागून तेच द्यावे, त्यात आकड्यांऐवजी ‘गणितात वरच्या इयत्तेचे काम द्यावे’, ‘लेखी कामाला जास्त वेळ द्यावा’ अशी करता येण्याजोगी वाक्ये असावीत. निकाल पटला नाही, तर तीच चाचणी लगेच पुन्हा घेऊन उपयोग नसतो, कारण प्रश्न ओळखीचे झालेले असतात; निदान एक वर्ष जाऊ द्यावे, किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडून वेगळी चाचणी घ्यावी आणि पहिला अहवाल त्याच्यापासून लपवू नये.