चिंधी आणि कण: मायक्रोप्लास्टिक वेगळं, नॅनोकण वेगळा

मिरचीचं पीक निघालं की वावराच्या धुऱ्याशी मल्चिंग पेपरच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरतात त्या पातळ प्लास्टिकच्या, चिंध्या साठतात. उन्हानं इतक्या कडक झालेल्या असतात की मुठीत चुरा होतो. हा चुरा मायक्रोप्लास्टिक. पण नॅनो युरिया या अतिबारीक कणांच्या द्रव खताची बाटली गावात आल्यापासून बारीक दिसेल त्या सगळ्यालाच लोक ‘नॅनो’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

५ मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे मुगाच्या दाण्यापासून पुढं बारीक होत गेलेला प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरचा (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). माणसाच्या केसाच्या जाडीत सर्वांत मोठे नॅनोकणसुद्धा सात-आठशे मावतील. शिवाय तो प्लास्टिकचाच असतो असं नाही. चांदीचा असतो, झिंक ऑक्साइडचा असतो, सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. प्लास्टिक झिजत झिजत त्या मापाला आलं की त्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात. दोन्ही गोष्टी जुळतात त्या एवढ्याच ठिकाणी.

आपल्याला याचं काय? आपल्या विदर्भातल्या वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. काकीनाड्याजवळची कोरिंगाची खारफुटी त्याच मुखाशी आहे. वावरातला सगळा चुरा तिथवर जात नाही, बराच गाळात आणि बंधाऱ्यांत अडकतो. पण पुरासोबत जे वाहतं त्याची वाट तीच.

गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथं मायक्रोप्लास्टिक आणि नॅनोकण यांची वागणूक अगदी वेगळी होते, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाशी बसते, हे आपण घरोघरी पाहिलंय. मातीचे बारीक कण एकाच विद्युतभारामुळं एकमेकांना दूर ठेवतात. तुरटी तो जोर मोडते आणि कण गोळा होतात. समुद्राचं मीठ अनेक नॅनोकणांचं तेच करतं. गुठळ्या होऊन ते खाडीच्या चिखलात बसतात, नेमके जिथं शिंपले, खेकडे आणि गाळ खाणारे किडे राहतात. मायक्रोप्लास्टिकचं तरंगणं-बुडणं मात्र मुख्यतः त्याच्या घनतेवर ठरतं. पॉलिथिन तरंगतं, त्यावर शेवाळ-जिवाणूंचा थर चढला की तेही खाली जाऊ शकतं.

मायक्रोप्लास्टिकमुळं खाडीतल्या जिवांना मुख्य त्रास पोटाचा. २०१६ साली फ्रान्समधल्या प्रयोगात कालव या शिंपल्यातल्या जिवांना दोन महिने पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे २ आणि ६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिले, तेव्हा त्यांची अंडी ३८ टक्क्यांनी घटली. अन्नातून मिळणारी ताकद प्रजननाला कमी पडली.

नॅनोकण पोटाशी थांबेलच असं नाही, काही थेट पेशीत शिरतात. आणि नुसता आकार सांगून भागत नाही. सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या भ्रूणांवर केलेल्या प्रयोगात एका प्रकारच्या नॅनोप्लास्टिकच्या खाऱ्या पाण्यात गुठळ्या झाल्या आणि इजा दिसली नाही. दुसरा प्रकार पृष्ठभागावरच्या वेगळ्या भारामुळं सुटा राहिला आणि भ्रूणांची वाढ बिघडली. चांदीच्या कणांतून तर चांदीचे विषारी आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणूही सुटतात. प्रयोगशाळेतली मात्रा बहुधा खाडीतल्यापेक्षा जास्त असते, हेही लक्षात ठेवायला हवं.

मायक्रोप्लास्टिक बारीक जाळीनं गाळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं. नॅनोकण त्याच जाळीतून निघून जातो, आणि चिखलातल्या कुजलेल्या पाल्यातून तो वेगळा काढणं फार अवघड. म्हणून यंदा आम्ही मल्चिंग पेपर तुकडे पडायच्या आधीच, अख्खा असताना गुंडाळून काढला. दोन बाया आणि एक सकाळ लागली.