मान ३० अंश, नजर थेट शेपटीवर

फ्लाइट सिम्युलेटरला (संगणकावर विमान उडवायच्या खेळाला) हेड ट्रॅकिंग, म्हणजे डोक्याच्या हालचालीप्रमाणे दृश्य वळवणारं साधन, जोडलं की नवखा माणूस पहिल्यांदा चक्रावतो. आपण मान जेमतेम ३० अंश वळवतो आणि पडद्यावरचा वैमानिक पार मागे, शेपटीकडे बघायला लागतो. त्याला इलाज नाही. मॉनिटर समोर असतो. मान पूर्ण फिरवली तर तो दिसणार कसा?

मूळ कल्पनेत ही तडजोड नव्हती. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी छताला टांगलेला जो डिस्प्ले डोक्यावर चढवला, त्यात डोकं वळेल तितकंच दृश्य वळायचं. घरच्या संगणकावर मात्र बरीच वर्षं कीबोर्डच्या बटणांवर भागवावं लागलं. बटण दाबलं की डावी खिडकी, दुसरं दाबलं की उजवी. मग जॉयस्टिकवर हॅट स्विच आला, म्हणजे अंगठ्याने चारी दिशांना ढकलायचं छोटं बटण. १९९१ च्या फाल्कन ३.० या लढाऊ विमानांच्या खेळात 'पॅडलॉक' होतं: शत्रूचं विमान एकदा धरलं की नजर त्यालाच चिकटून राहायची. सोय झाली खरी, पण बघायचं कामही संगणकच करू लागला.

२००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅचरलपॉइंट कंपनीने ट्रॅकआयआर आणलं. हाताने माउस चालवता न येणाऱ्यांसाठी याच कंपनीचं डोक्याने कर्सर हलवायचं साधन होतं, तंत्र तेच. टोपीवर चकाकणारा ठिपका, समोर इन्फ्रारेड कॅमेरा. सुरुवातीला फक्त डावं-उजवं आणि वर-खाली कळायचं. पुढे एकाऐवजी तीन ठिपके आले आणि झुकणं, सरकणं, मान कलती करणं असे हालचालीचे सहाही अक्ष हाती लागले.

ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी वेबकॅम उघडला, इन्फ्रारेड अडवणारी काच काढली आणि तिथे जुन्या फ्लॉपीची काळी चकती कापून बसवली. ती चकती साधा प्रकाश अडवते, इन्फ्रारेड सोडते. फ्रीट्रॅक आणि नंतर ओपनट्रॅक ही मोफत सॉफ्टवेअर अशाच जुगाडांवर वाढली. माझ्या खोलीत मागे देवघर आहे; संध्याकाळी निरांजन लावलं की कॅमेऱ्याला चौथा ठिपका दिसतो आणि विमानातला मी खुळ्यासारखा छताकडे बघत बसतो.

झूमची, म्हणजे दृश्य मोठं करून बघण्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त गैरसमजाची. झूम म्हणजे दुर्बीण, म्हणजे लबाडी, असं मानणारे पुष्कळ आहेत. हिशेब करून बघा. चांगला डोळा एका अंशात साधारण ६० बारकावे वेगळे ओळखतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ९० अंशांचं दृश्य पसरलं तर अंशाला सरासरी २१ पिक्सेलच येतात. १० मीटर पंखांचं विमान ३ किलोमीटरवर असेल तर तिथे ते तीन-चार पिक्सेलचा ठिपका. झूम करून दृश्य ३० अंशांवर आणलं की तेच बारा पिक्सेलचं होतं आणि अंशाला साठाच्या वर पिक्सेल मिळतात. म्हणजे झूम करून आपण फक्त पडद्याने हिरावलेली नजर परत घेतो.

काही जण पुढे झुकण्यालाच झूम जोडतात. जुन्या, सहा अक्ष न ओळखणाऱ्या सिम्युलेटरमध्ये ते ठीक होतं. आता झुकलं की कॉकपिटातला डायल जवळ यायला हवा. म्हणून झूम मी थ्रॉटलवरच्या (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावरच्या) फिरत्या चाकाला दिलाय, आणि हेड ट्रॅकिंगमध्ये मधोमध थोडा डेडझोन, म्हणजे बारीक हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा, ठेवलाय, नाहीतर श्वासागणिक क्षितिज हलतं.