पश्चिम घाट आणि निसर्गसंवादकाचं काम : पार्श्वभूमी

मराठीत निसर्गावर लिहिण्याची परंपरा जुनी; पण तिचा जीव पक्षी, झाडं आणि भटकंतीत रमलेला. वादात ती फारशी पडत नसे. नोव्हेंबर १९८७ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांहून निघालेली घाट बचाव पदयात्रा पुढच्या फेब्रुवारीत गोव्यात एकत्र आली, तेव्हा धरण, खाण आणि जंगलतोड हे विषय घाटातल्या गावांमध्ये बोलले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड मोफत दाखवण्याचा आदेश दिला. जनजागृतीची तेव्हाची कल्पना ही अशी.

निसर्ग आणि त्याविषयीचे निर्णय लोकांना समजावून सांगणाऱ्या आजच्या निसर्गसंवादकाचं काम मात्र खऱ्या अर्थाने घडवलं ते एका दडवलेल्या अहवालाने.

घाटाच्या अभ्यासासाठी २०१० मध्ये नेमलेल्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो प्रसिद्धच केला नाही. माहिती अधिकारात मागणी झाली, तेव्हा देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हितसंबंधांना बाधा येईल असं कारण पुढे केलं. माहिती आयोगाने ते फेटाळलं, उच्च न्यायालयातही सरकार हरलं आणि २३ मे २०१२ रोजी अहवाल संकेतस्थळावर आला, तोही ‘आम्ही हा औपचारिकपणे स्वीकारलेला नाही’ अशा खुलाशासह. चर्चेविना निघालेले हे जवळपास नऊ महिने पुढे फार महागात पडले. अपुऱ्या माहितीवर गैरसमज पसरू नयेत, असा मंत्रालयाच्या बाजूने युक्तिवाद करता येईल; पण घडलं नेमकं उलट. घर दुरुस्त करता येणार नाही, जमिनी जाणार, ही बोलणी गावागावांत रुजली. मग आला तो इंग्रजीतला जाडजूड दस्तऐवज.

त्यात समजावून सांगण्यासारखं बरंच होतं. समितीने घाटाचे साधारण नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि संवेदनशीलतेनुसार तीन पातळ्या ठरवल्या. एकाच चौकोनात देवराई, वाडी आणि चिऱ्याची खाण येऊ शकते. म्हणूनच सीमा तात्पुरत्या मानून अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून घ्यावा, असं अहवालातच म्हटलं होतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांनी तर आमचा भाग संवेदनशील जाहीर करा, अशी मागणी स्वतःहून केली होती. बातम्यांत हे क्वचितच आलं; नकाशावरचे रंग तेवढे पोचले.

दुसऱ्या समितीने २०१३ मध्ये चौकोन सोडून गाव हा घटक धरला आणि घाटाचं सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं. यादीत आपल्या गावाचं नाव आहे का, हे शोधणं सोपं झालं. आधी ग्रामसभेला विचारण्याचा मुद्दा मागे पडला. त्याच वर्षी केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत मोठी आंदोलनं झाली.

पुढे ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला वायनाडमध्ये दरड कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना निघाली : एकूण ५६,८२५.७ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. पहिला मसुदा मार्च २०१४ चा होता. हरकतींना पुन्हा ६० दिवसांची मुदत मिळाली. त्यामुळे घाटातल्या संवादकाच्या सभेत आजही पहिला प्रश्न कुठल्या पक्ष्याबद्दल नसतो; आमचं गाव यादीत आहे का आणि असेल तर घर बांधता येईल का, हाच असतो.