साडेसोळा मिलिमीटरचा रूळ आणि मुंबईच्या उपनगरी इंजिनांच्या प्रतिकृती : पार्श्वभूमी

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीची स्वतःची, बोगद्यात वाफ बाहेर न सोडता ती पाण्याच्या टाक्यांत परतवणारी टँक इंजिने तिथे धावू लागली. मुंबईत विरार ते बॅकबे ही उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये निघाली. जवळजवळची स्थानके, सततचे थांबे आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन वळवण्याला नसलेली सवड, यांमुळे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, न जोडता पाणी व कोळसा स्वतःवरच वाहणारे आणि दोन्ही दिशांना सारखेच धावणारे इंजिन अशा वाहतुकीला सोयीचे ठरले. मुंबईत १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली, आणि वाफेचा हा उपनगरी काळ आटोपत गेला.

या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करताना आजही जो पेच पडतो, त्याचे मूळ इंजिनांत नसून खेळण्यांच्या बाजारात आहे. १८९१ मध्ये एका जर्मन कारखान्याने खेळण्यातील रुळांची मापे ठरवून दिली, आणि १९२० च्या दशकात टेबलावर मावणारा, दोन पट्ट्यांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असलेला रूळ आला. युरोपात त्यावर खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाची, म्हणजे १:८७ ची इंजिने बसली. ब्रिटिश इंजिने मुळातच अरुंद व बुटकी असल्याने त्या काळची विजेची मोटर या प्रमाणाच्या सांगाड्यात मावेना. तेव्हा रूळ तोच ठेवून इंजिनाचे अंग तेवढे फुटाला चार मिलिमीटर करण्यात आले. ही तडजोड कारखानदारांच्या सोयीची होती, पण तिची किंमत पुढच्या सगळ्या कारागिरांनी मोजली आहे. चार मिलिमीटरच्या प्रमाणात ब्रिटिश रूळ १८.८३ मिलिमीटर हवा, म्हणजे तिथे चूक साधारण बारा टक्क्यांची होते. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, म्हणून तो २२ मिलिमीटर हवा. साडेसोळावर ठेवलेले मुंबईचे इंजिन बरोबर पाव हिश्शाने अरुंद पायांवर उभे राहते. ज्या रुंदीमुळे या इंजिनांना भारदस्तपणा आला, तीच प्रतिकृतीत हरवते, आणि बाकीचे रिव्हेट कितीही नेमके बसवले तरी ती उणीव भरून निघत नाही.

मिरजेला हा पेच अधिक जवळचा आहे. मीटरगेज तिथे एकोणिसाव्या शतकातच आले, पुढे अडीच फुटी नॅरोगेज आले, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्याकडून ब्रॉडगेज आल्यावर तिन्ही रूळ काही काळ एकाच स्थानकात नांदले. ते स्थानक एका फळीवर उभे करू पाहणाऱ्याला १:८७ मध्ये मीटरगेजसाठी बारा आणि नॅरोगेजसाठी नऊ मिलिमीटरचा तयार रूळ जवळजवळ अचूक मिळतो. ब्रॉडगेजला मात्र १९.२५ हवा, आणि तो विकत मिळत नाही, हाताने घालावा लागतो.

केवळ मुंबईची उपनगरी इंजिने करायची असतील, तर फुटाला तीन मिलिमीटर हे प्रमाण धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साडेपाच फुटांना तिनाने गुणले की नेमके साडेसोळा येतात. म्हणजे सगळीकडे मिळणारा रूळ आपल्या ब्रॉडगेजला जणू मोजून केलेला ठरतो. संग्राहक याला राजी होत नाहीत, कारण वर्षानुवर्षे जमवलेले चार मिलिमीटरचे डबे, सिग्नल आणि माणसे या इंजिनांशेजारी राक्षसी दिसतात. ही अडचण खरी आहे, परंतु ती कपाटाची आहे, इंजिनाची नव्हे.

पितळी पत्रा कापून डाख देण्याच्या काळात प्रमाण बदलणे म्हणजे सगळे आराखडे नव्याने काढणे होते. थ्रीडी छपाई आल्यापासून १:७६.२ चा, म्हणजे चार मिलिमीटरचा, संगणकीय आराखडा पंचाहत्तर टक्क्यांवर आणला की थेट १:१०१.६ चे, म्हणजे तीन मिलिमीटरचे अंग मिळते. मात्र त्याबरोबर भिंतींची जाडीही तेवढीच घटते. एक मिलिमीटरची टाकीची बाजू पाऊण मिलिमीटरवर येते आणि हातकठडे छपाईत तुटतात. म्हणून टाक्यांची जाडी वेगळी वाढवून घ्यावी लागते, आणि कठडे मात्र तारेचेच करावे लागतात.