स्टँडन

स्टँडन : इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यात ईस्ट ग्रिन्स्टेडच्या दक्षिणेस, दरीकडे उतरणाऱ्या टेकडीवर बांधलेले व्हिक्टोरिया काळाच्या अखेरचे ग्रामनिवास. लंडनमधील वकील जेम्स बील यांनी पत्नी मार्गारेट व सात मुले अशा आपल्या कुटुंबासाठी ते वास्तुविशारद फिलिप वेब (१८३१–१९१५) यांच्याकडून १८९१ ते १८९४ या काळात उभारून घेतले. वेब यांच्या मोठ्या घरांपैकी हे अखेरचे.

जागेवर मध्ययुगीन बांधणीचे एक शेतघर आधीपासून होते. ते पाडून मोकळी जमीन मिळवणे सोपे होते. पण रचनाकार व लेखक विल्यम मॉरिस यांच्यासह १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापणाऱ्या वेब यांनी ते राखले आणि नव्या घराची मांडणीच त्याच्याशी जुळवून घेतली. त्यामुळे पाहुणा भव्य दर्शनी भागासमोर येत नाही, तर जुन्यानव्या इमारतींनी वेढलेल्या अंगणांतून दारापाशी पोहोचतो.

बांधकामाचा खरा विशेष सामग्रीच्या मिश्रणात आहे. आवारातच खणून काढलेला वालुकाश्म, ससेक्समधल्या भट्ट्यांच्या विटा, वरच्या मजल्यांवर भिंतीलाच टांगलेली भाजक्या मातीची कौले, खडबडीत गिलावा आणि बागेकडील पाच त्रिकोणी माथ्यांवर ओकच्या फळ्या हे सारे एकाच घरात आहे. परगण्यातल्या शेतघरांवर व कोठारांवर ही कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली होती, आणि वेब यांनी त्यांचीच निवड केली. एवढ्या प्रकारांची खिचडी होण्याचा धोका होता. तो टळला, कारण लांब उतरत्या छपरांनी आणि उंच धुराड्यांनी सगळे एकत्र बांधून ठेवले आहे. पाण्याच्या टाक्यांसाठीचा मनोराही लपवलेला नाही. उलट, घराची दुरून ओळख पटते ती त्याच्यामुळेच.

मुख्य दालने दक्षिणेकडे, उन्हाकडे व बागेकडे तोंड करून आहेत. आत मॉरिस यांच्या कंपनीचे भिंतीचे कागद व कापडे आहेत. घर सुरुवातीपासून विजेवर चाललेले असल्याने रचनाकार डब्ल्यू. ए. एस. बेन्सन यांच्या धातूच्या दिव्यांना येथे शोभेइतकेच उपयोगाचेही स्थान मिळाले.

बील कुटुंबातील अखेरच्या वारस हेलन यांच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये हे घर नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आले. वारसा इमारतींच्या सूचीत त्यास सर्वोच्च म्हणजे पहिली श्रेणी आहे. त्यामुळे त्याचे स्वरूप बदलणाऱ्या कोणत्याही कामाला, मग ते बाहेरचे असो वा आतले, आधी परवानगी लागते.